क्रीडांगणाच्या पोटात

क्रीडांगण म्हटले की आरोळ्या आणि विजयपताका डोळ्यांसमोर येतात. शिकागो विद्यापीठाच्या ‘स्टॅग फील्ड’ची कथा मात्र निराळी आहे. ॲमॉस अलोन्झो स्टॅग या नामवंत फुटबॉल-प्रशिक्षकाचे नाव मिरविणारे हे मैदान एके काळी प्रेक्षकांनी फुलून जाई. पुढे १९३९ साली, खेळापायी विद्या मागे पडू नये म्हणून, विद्यापीठाने आपला फुटबॉलचा संघच मोडला.

ओस पडलेल्या पश्चिम प्रेक्षागाराखाली स्क्वॉशचे एक कोर्ट होते. महायुद्धाच्या धामधुमीत तेथेच ग्रॅफाइटच्या विटा रचून, एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित आण्विक शृंखला-प्रक्रिया घडविली. बाहेर शहराला त्याचा सुगावाही नव्हता! पुढे अणुभट्टीत तयार झालेल्या प्लुटोनियमनेच १९४५ मध्ये नागासाकी बेचिराख केली. आणि त्याच विद्येने १९६९ पासून आपल्या तारापूरला वीजही दिली.

१९५७ साली ते प्रेक्षागार पाडण्यात आले. १९७० मध्ये त्या मैदानावर विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय उघडले. वाचकहो, शक्ती एका दिवसात हाती येते. तिचा विनियोग शिकण्यास मात्र पिढ्या लागतात. त्या भूमीवर आज ग्रंथ नांदत आहेत, हे म्हणूनच उचित वाटते.