रेशनच्या दोरीने बांधलेली निष्ठा

डिसेंबर २०११ मध्ये उत्तर कोरियाचा हुकूमशहा किम जोंग इल मेला. राजधानी प्योंगयांगच्या रस्त्यांवर हजारो माणसे छाती बडवून रडली. ती दृश्ये जगभरच्या टीव्हीवर झळकली आणि लोक हसले. 'काय वेडी माणसे!' म्हणून मोकळे झाले. पण अख्ख्या देशाला वेडे ठरवले, की ही व्यवस्था चालते कशी, हा प्रश्नच उरत नाही.

प्रचाराची बाजू सर्वांना ठाऊक आहे. घराघरात किम बाप-लेकांच्या तसबिरी. रेडिओ सरकारी केंद्रावरच पक्का केलेला. दर आठवड्याला गटासमोर उभे राहून स्वतःचे दोष सांगायचे, सोबत्याचेही सांगायचे. किम जोंग इल पवित्र पेक्तू पर्वतावर जन्मला, असे सरकारी चरित्र सांगते. सोव्हिएत कागदपत्रे मात्र त्याचा जन्म सोव्हिएत भूमीवर झाल्याचे दाखवतात. अवतारकथा रचणारे पुराणिक तिथेही मिळाले म्हणायचे! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

परंतु नुसत्या भाकडकथेने माणूस वाकत नाही. तिच्या मागे रेशनची पिशवी होती. धान्याचा खासगी व्यापार बंद, सरकार देईल तेच खायचे. आणि त्याहून भयंकर ते 'सोंगबुन'. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून राजवटीने साऱ्या जनतेची तीन गटांत वाटणी केली: निष्ठावान, डळमळीत आणि शत्रू. आजोबा जपानी अमलात जमीनदार होता, ख्रिस्ती होता किंवा घरातले कुणी युद्धात दक्षिणेकडे गेले, तर नातू शत्रू! त्या नातवाने स्वतः काय केले, हे कुणी विचारत नाही. शिक्षण, नोकरी, पक्षाचे सभासदत्व, राजधानीत राहण्याची परवानगी, एवढेच काय, सोयरीकसुद्धा या नोंदीवर अडते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात हे नोंदवले आहे. आपल्या वाचकांना यातली वेदना समजावून सांगायला नको. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी ही वही समतेचा जप करणाऱ्या पक्षाच्याच कपाटात आहे. ज्याचे नाव वरच्या गटात, त्याला ते टिकवण्यासाठी घोषणा द्यायची. ज्याचे खालच्या गटात, त्याला जगू द्यावे म्हणून.

१९९० च्या दशकात सोव्हिएत मदत आटली, पूर आले, शेती बुडाली. लाखो माणसे उपाशी मेली. राजवटीने या भूकबळींना 'खडतर कूच' असे वीरश्रीचे नाव दिले! ईशान्येकडच्या ज्या प्रांतांत 'शत्रू' गटातली माणसे हाकलून वसवली होती, तिथे रेशन आधी तुटले. मग बायकाच घराबाहेर पडल्या. चोरून बाजार मांडले, भाकरी मिळवली. पुढे त्याच बाजारांतून चीनमार्गे दक्षिण कोरियाच्या मालिकांच्या तबकड्या आल्या. सरकारशिवाय पोट भरता येते, हे कळले आणि पलीकडचा देश भिकारी आहे, हे खोटे असल्याचेही दिसले.

२०२० मध्ये राजवटीने नवा कायदा केला. परक्या मालिका वाटणाऱ्याला थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. सत्तरहून अधिक वर्षे रात्रंदिवस प्रचार करून लोकांची मने खरोखरच जिंकली असती, तर एका तबकडीसाठी फासाची भीती कशाला दाखवावी लागली असती?