पिवळा कुर्ता

मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. आमच्या मोशीतच, आळंदी रस्त्यावरच्या एका लॉनवर. आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी स्वतः मेसेज टाकला होता, "हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालायचं हं! संगीतला इंडो-वेस्टर्न." दहा मिनिटांत चाळीस अंगठे आले. मी खूश.

माझा एक डिप्लोमापासूनचा मित्र आहे. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. आमच्या घरी त्याचं ताट वेगळं वाढावं लागत नाही, इतका घरचा. तो हळदीला आला नाही. "सेकंड शिफ्ट लागलीय रे," म्हणाला. लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवला आणि गेला.

दोन महिन्यांनी टपरीवर चहा पिताना सहज विषय निघाला तेव्हा म्हणाला, "शिफ्ट-बिफ्ट काही नव्हती. पिवळा कुर्ता नव्हता. पिंपरी कॅम्पात बघून आलो, बाराशे सांगितला. एका संध्याकाळीसाठी बाराशे नाही पटले. आणि वेगळ्या रंगात आलो असतो तर फोटोत मीच दिसलो असतो."

तो हसत होता. मला मात्र तो चहा काही गोड लागला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. लग्नात यजमानाने खर्च कमी करावा, हे सांगणारे आपल्याकडे खूप झाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि साध्या, कमी खर्चाच्या लग्नांची पद्धत सुरू केली. पण पाहुण्याच्या खर्चाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कारण तेव्हा पाहुण्याला हा खर्च नव्हताच! उलट आपल्याकडे लग्नात कपडे यजमान द्यायचा. टॉवेल-टोपी, साडी-चोळी, मानपान. त्यातही रुसवेफुगवे व्हायचे, मान्य. तरी कापडाचे पैसे लग्नघरातून जायचे. अजूनही आपल्या भागात लॉनच्या दारात फेटेवाला बसलेला असतो, येईल त्या वऱ्हाड्याच्या डोक्याला एकाच रंगाचा फेटा बांधून देतो. ही आपली जुनी 'थीम'च की! फरक एवढाच, की पूर्वी रंग ठरवणारा पैसे द्यायचा. आता रंग मी ठरवतो आणि पैसे तुम्ही देता.

आणि हे एका हळदीपुरतं राहत नाही. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात त्या मे संपेपर्यंत. ऑफिसातली, कॉलेजातली, सोसायटीतली धरून सहा लग्नं सहज होतात. प्रत्येकाला तीन कार्यक्रम, प्रत्येकाचा रंग वेगळा. पगार चांगला असला तरी होमलोनचा हप्ता जाऊन उरतं काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे.

तर आता थोडं पाहुण्यांच्या बाजूने. मी काही फॅशनवाला नाही, पण गेल्या सीझनपासून एक हिशेब करतो. किंमत बघायची नाही, किंमत भागिले वापर बघायचं. तीन हजारांचा क्रीम कुर्ता दहा वेळा घातला तर एका वेळेला तीनशे पडले. बाराशेचा भडक कुर्ता एकदा घालून कपाटात गेला तर बाराशेच पडले. म्हणजे महाग कोणता?

यातून निघालेले काही नियम :

एक, मूळ कपडा साधा आणि सुती किंवा लिननचा घ्यावा. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला चकचकीत सिंथेटिक शेरवानीत माणूस शिजतो. घामेजलेला माणूस कितीही नटला तरी स्टायलिश दिसत नाही.

दोन, वाचलेल्या पैशातून शंभर-दोनशे शिंप्याला द्या. खांद्यावर नीट बसलेला साधा कुर्ता हा ढगळ डिझायनर कुर्त्यापेक्षा नेहमीच बरा दिसतो.

तीन, २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की १८. सव्वीसशेच्या टॅगकडे हात जाईल तेव्हा ही इफ-एल्स आठवा :)

चार, पायात कोल्हापुरी. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपल्याकडे ती पूर्वीपासून आहे, आणि प्राडाच्या भावात घ्यावी लागत नाही.

पाच नंबर बायकोचा. ती म्हणते, साडी तीच ठेवायची, ब्लाऊज बदलायचा. आईच्या जुन्या काठपदरावर खणाचा ब्लाऊज घातला तर निम्म्या मांडवाला ती नवी साडी वाटते. आणि उरलेल्या निम्म्यांपैकी कुणी "मागच्या लग्नात हीच नेसली होतीस ना गं?" असं विचारलंच तर तिचं ठरलेलं उत्तर आहे, "हो, तेव्हाही छान दिसत होती ना?" पुढचा प्रश्न येत नाही.

पण खरं सांगायचं तर पाहुण्याने कितीही काटकसर केली तरी निम्मी जबाबदारी यजमानाचीच. एका रंगात फोटो छान येतात, खोटं कशाला बोला? मलाही आवडतात. मग रंग हवा असेल तर तो आपण द्यावा. फेटा द्या, उपरणं द्या, बायकांना गजरे द्या. नाहीतर मेसेजमध्ये 'जमलं तर' असे दोन शब्द तरी टाका. मी तेवढेही टाकले नव्हते.

तुळशीच्या लग्नानंतर चुलतबहिणीची हळद होती. या वेळी ग्रुपवर रंगाचा मेसेज गेला नाही. मी आणि भावाने पिवळ्या सुती उपरण्यांचा गठ्ठा आणून दारातच ठेवला. स्टेजच्या फुलांचा एक कोपरा कमी केला, त्यात बसला खर्च. येईल त्याच्या गळ्यात एकेक घालत होतो. मित्र शिफ्ट संपवून थेट आला, निळ्या चौकड्याच्या शर्टात. उपरणं घेतलं आणि रात्री अकरापर्यंत नाचला.

परवा ते फोटो आले. ग्रुप फोटोत त्याला शोधायला मला बराच वेळ लागला.

असो. तुमच्या घरी यंदा लग्न असेल तर ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी ही यादी एकदा नजरेखालून घाला. कुणाला तरी 'सेकंड शिफ्ट' लागायची वाचेल.