गाणे राहिले, गीतकार कुठे गेला?

दहावीच्या मराठीच्या पेपरात जाहिरात लेखनाचा प्रश्न असतो. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलामुलींना तो आवडतो, कारण त्यात व्याकरण कमी आणि डोके जास्त लागते. गेल्या महिन्यात आम्ही फळ्यावर विषय लिहिला, ‘मेहंदीचे वर्ग’. एका मुलीने चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवायच्या ऐवजी चालीवर म्हणूनच दाखवल्या. सगळ्या वर्गाने बाकांवर ताल धरला. चाल आमच्याही कानावरून गेलेली होती. आम्ही विचारले, "मूळ गाणं कोणाचं?"

"सर, रीलमधलं आहे."

"लिहिलंय कोणी?"

"ते नाही येत रीलमध्ये. तेवढंच येतं."

चाळीस मुलांत एकालाही त्या गाण्याचे पुढचे कडवे माहीत नव्हते. मुलीला आम्ही पूर्ण गुण दिले, कारण ओळी खरोखरच छान होत्या. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

आता इथे ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून सुरुवात करणे सोपे आहे, आणि आमच्या वयाला ते शोभतेही. पण गाणी छोटी झाली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटेच मावत, म्हणून गाणे तेवढे असे. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजले की ते ऐकणे हिशेबात धरले जाते, म्हणून सुरुवातीची वाद्ये कापून मुखडा पुढे आणला जातो. यंत्र बदलते तसे गाणे बदलते. आणि जाहिरातीने संगीताचा सत्यानाश केला, हेही आम्हाला पटत नाही. १९९२ साली ‘रोजा’ येण्याआधी ए. आर. रहमान जाहिरातींनाच चाली लावत होते. पुढे २००२ मध्ये त्यांनी एअरटेलसाठी केलेली धून तर लोकांनी आपापल्या फोनवर स्वतःहून घेतली. वनराज भाटियांसारख्या जाणत्या संगीतकारानेही हजारो जिंगल केल्या. चांगली जाहिरात लिहिणे हे कवितेइतकेच अवघड काम आहे. विश्वास नसेल तर दहावीचे पन्नास पेपर तपासून पाहा.

आमच्या घरात तर गाणे आले तेच एका टूथपेस्टच्या पाठीवर बसून. बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका हे टूथपेस्टचे नाव. म्हणजे कार्यक्रम जाहिरातीचाच, आणि तो ते लपवतही नव्हता. निवेदक अमीन सयानी. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचे पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी ते पत्र होते, भाषा सोपी हिंदुस्तानी. अमीनभाई त्या कामात आईला मदत करत. सोपे बोलायची सवय त्यांना तिथेच लागली, असे ते सांगत. म्हणूनच त्यांचे ‘बहनो और भाइयो’ हैदराबादेत कळे तसेच आमच्या तालुक्याच्या गावीही कळे.

आमचे अब्बा बुधवारच्या त्या सिलोनच्या गीतमालेच्या आठवणी सांगत. आमच्या वाट्याला आली ती १९८९ नंतर विविध भारतीवर आलेली ‘सिबाका गीतमाला’. त्या वयात आम्हाला साहिर आणि मजरूह यांची नावे पाठ होती, ती काही शाळेत शिकवली म्हणून नव्हे. गाण्याआधी चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव घ्यायची रेडिओची रीत होती, आणि पुष्कळदा त्यात गीतकारही येई. पुढे उर्दू शिकायला घेतले तेव्हा हे लोक अनोळखी वाटले नाहीत, त्याचे थोडे श्रेय त्या टूथपेस्टलाही द्यावे लागेल.

रीलमध्ये नेमके हेच गेले. गाण्याचा तुकडा कुणीतरी टाकतो, दुसरा त्यावर साड्या दाखवतो, तिसरा बिर्याणी. आवाजाच्या पट्टीवर बहुतेक वेळा पहिल्यांदा टाकणाऱ्याचेच नाव दिसते. जाहिरात आहे की हौस, तेही कळत नाही. पैसे घेऊन केलेल्या अशा प्रचारावर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. किती जण पाळतात ते वाचकांनी आपापल्या मोबाइलवर पाहावे. आमच्या अम्मी यूट्यूबवर नात लावतात. गेल्या वर्षापर्यंत मध्येच पत्त्यांच्या पैशांच्या खेळाची जाहिरात येई आणि अम्मी फोनवर उशी दाबून ठेवत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, उशीचे काम संपले. आता केसांचे तेल येते. अम्मी म्हणतात, "हे चालेल."

पण नाव जाणे ही फक्त मानापमानाची गोष्ट नाही, हे आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले. पोरगा चार वर्षांपूर्वी दहावी झाला, आता एका दुकानात हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात गाणी लिहितो. त्याने आपल्याकडच्या बोलीत एक रुखसतीचे गीत लिहिले. जिल्ह्यातल्या एका यूट्यूब चॅनलवाल्याने ते तीन हजार रुपयांना घेतले. गाणे लग्नसराईत खूप चालले. मग एका कापड दुकानाच्या जाहिरातीत तेच वाजू लागले. पोराचे नाव चॅनलवर नाही, जाहिरातीत तर नाहीच. तो घरी आला तेव्हा हातात घडी घातलेला कागद होता. त्यावर लिहिलेले, ‘सर्व हक्क कायमचे दिले’, खाली सही.

आम्ही वकील नव्हे. पण मराठी वाचता येते आणि इंग्रजी कायदाही शब्दकोश घेऊन वाचता येतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्यांवर निर्मात्याचा हात वर राहिला, आणि गीतकार एकदाच पैसे घेऊन बाजूला होत. २०१२ मध्ये स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी तिच्यासाठी बराच जोर लावला. त्या दुरुस्तीने एक गोष्ट पक्की केली. ध्वनिमुद्रित गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांनी सही करून सोडून दिला, तरी तो सुटत नाही. तो वाटा ज्याला हक्क दिले त्याच्याबरोबर समसमान. वारसांना किंवा गीतकार-संगीतकारांच्या नोंदणीकृत संस्थेला तो देता येतो, इतर कुणाला नाही. अशी एक संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासून मुंबईत आहे. गीतकार तिचा सभासद होऊ शकतो. आणखी एक कलम आम्हाला फार आवडले. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क त्या कराराने जात नाहीत, त्याचा स्पष्ट उल्लेख केला असेल तरच जातात. उद्या काय निघेल ते कुणाला ठाऊक, म्हणून पोरांना हे सांगून ठेवले पाहिजे.

आम्ही त्याला सांगितले, की त्या ‘कायमचे’चा अर्थ चॅनलवाला समजतो तेवढा कायमचा नाही. तो खूश होईल असे वाटले होते. तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, भांडलो तर पुढचं गाणं कोण घेणार?"

त्याला उत्तर आमच्याकडे नव्हते. चॅनलवाल्याला आम्ही ओळखतो, त्याचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत आहे. म्हणून कायद्याचा कागद न काढता आधी नुसते भेटायचे ठरले. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले. तो म्हणाला, नाव टाकतो, त्यात काय एवढे. दोन दिवसांनी गाण्याखाली ‘गीत’ असे लिहून पुढे पोराचे नाव आले, आडनावात एक काना चुकलेला. पैशांचे बोलणे ईदनंतर करू म्हणाला आहे. पोराने संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज भरायला घेतला आहे. त्यातला लिहिलेल्या गाण्यांचा तक्ता पाहून तो परवा पुन्हा आमच्याकडे आला. त्याने आजवर सतरा गाणी लिहिली आहेत. त्यातली नऊ कुणाकुणाला दिली, ते त्याने कुठेच लिहून ठेवलेले नाही. सध्या संध्याकाळी आम्ही दोघे मोबाइल घेऊन बसतो आणि ती नऊ शोधतो. पाच सापडली आहेत.