बाळंतिणीचा सव्वा महिना आणि शेजाऱ्यांचे कर्तव्य

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या आपल्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या अंगाला. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हींची गत एकच. भाताची खाचरे गेली, उंच इमारती आल्या, आणि त्या इमारती उभ्या करणारा गवंडी, सुतार, बिगारी पत्र्याच्या खोलीत राहू लागला. जुना आगरी शेतकरी व परमुलखातून आलेला कामकरी भिंतीला भिंत लावून राहतात. परंतु पलीकडच्या खोलीत बाई बाळंत होऊन आली आहे, हे पुष्कळदा बाळाच्या रडण्यावरूनच कळते.

पूर्वी पहिली खेप माहेरी करीत. त्यात मोठे शहाणपण होते. सासरच्या जात्यातून व पाणवठ्यावरून पोरीची सुटका होई, शेक-शेगडीस आई असे, डिंकाचा लाडू कोणी तिच्या तोंडातून काढून घेत नसे. त्या रीतीत खोटही होती, ती आम्ही लपवीत नाही. पहिले पिवळे चिकाचे दूध पिळून टाकीत. जे बाळाला सर्वांत अधिक लाभाचे तेच मोरीत जाई. ज्या सुईणीच्या हाती दोन जीव द्यावयाचे, तिच्या हातचे पाणी मात्र चालत नसे! पाचवीला सटवाई नशीब लिहिते म्हणून कोरा कागद मांडीत, अजूनही मांडतात. पण बाळाचे वजन किती भरले हे त्याच कागदावर लिहून ठेवावे, असे किती घरांस सुचते?

आता बाळंतपण दवाखान्यात होते, हे फार चांगले झाले. पण दोन-तीन दिवसांत बाई घरी येते, आणि खरी अडचण तेथून पुढे. माहेर जालना-परभणीकडे, सासू गावी शेतावर, नवरा सकाळी नाक्यावर उभा. पाचव्या दिवशी ती हंडा उचलते, पंधराव्या दिवशी धुणे बडवते, आणि महिना भरायच्या आत पोर पाटीत निजवून कामावर उभी राहते. मग अंगावरचे दूध आटले की पावडरीचा डबा येतो, आणि तो पुरवावा म्हणून पातळ कालवून पाजतात.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. गिरणीतल्या बायांसाठी बाळंतपणाच्या रजेचे बिल १९२८ साली मुंबई कौन्सिलात आले. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला व सांगितले की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भारही सरकारने बराचसा उचलावा. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशाचा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु ही रजा दहा किंवा अधिक नोकर असलेल्या जागी. नाक्यावर रोज नवा मुकादम शोधणाऱ्या बाईने ती कोणाकडे मागावी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईस निदान ६,००० रुपये लिहिले आहेत. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या मुलास ५,००० मिळतात, दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच ६,०००. बाकीची बेरीज जननी सुरक्षेच्या पैशांतून सरकार मांडते. इमारतीच्या कामावरच्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद असेल तर साध्या बाळंतपणास १५,००० व पोट फाडून झालेल्यास २०,००० रुपये, दोन मुलांपर्यंत, मिळण्याची तरतूद आहे. नोंदणीस वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो देताना हात आखडतो. एकट्याने मागितला तर टोलवील. दहा गवंडी मिळून गेले तर देईल.

पण पैसा आला तरी हंडा कोणी भरावयाचा? येथे शेजाऱ्यावाचून गती नाही. १८६३ साली जोतिराव व सावित्रीबाईंनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते सरकारी हुकुमाची वाट पाहत बसले नाहीत. परक्या विधवांची बाळंतपणे त्या माउलीने निस्तरली, आणि त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. अलीकडचा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या साध्या बायांना शिकवून घरोघर पाठविले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडला तर काय करावे, जंतुदोष कसा ओळखावा, एवढे त्यांनी शिकून घेतले. आणि नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले. २०११ पासून हेच काम देशभर आशाताईंवर सोपविले आहे: दवाखान्यातून आल्यावर ४२ दिवसांत सहा खेपा. जुन्या बायांचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे हे बेचाळीस दिवस यांत किती थोडे अंतर आहे पाहा! हॉलंडसारख्या धनवान देशातही बाळंतिणीच्या घरी आठवडाभर शिकलेली बाई येऊन आईला व बाळाला सांभाळते, घरकामालाही हात लावते. तेथे ते लाड समजत नाहीत.

आमची सूचना एवढीच की, चाळीतल्या सात घरांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घ्यावा. ज्याचा वार त्याने दोन वेळची भाकरी-कालवण द्यावे, पाणी भरावे, थोरले पोर सांभाळावे. कोणाच्या हातचे कोण खाणार, हा प्रश्न कोणी काढलाच तर त्याला विचारावे की, दवाखान्यात रक्ताची बाटली लावली तेव्हा जात पाहिली होती काय? पुरुषांनाही सांगणे आहे. बारशाच्या मांडवाला, फोटोच्या फलकाला आणि कर्ण्याला आठ दिवसांची मजुरी जाते. ती राखून बापाने तेच आठ दिवस घरी राहावे, लंगोट धुवावे. त्याने मिशी खाली येत नाही.

सात घरांपैकी एकाने रात्री फोन उशाशी ठेवावा. बाईला अंगावरून फार जाऊ लागले, ताप चढला, झटका आला, किंवा बाळ दूध ओढीना, गार पडले, जोरजोरात श्वास घेऊ लागले, तर अंगारा-धुपारा न करता १०८ ला बोलवावे. आणि ज्या घरी बाई गरोदर आहे त्यांनी सातवा महिना लागताच शेजारी तसे सांगून ठेवावे, अंगणवाडीताईकडे नाव घालावे, म्हणजे वार लावावयास वेळ मिळेल.