बैठकीचा विचार

नैयायिक पंडिताची गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. पात्राच्या आधारानें तूप राहतें कीं तुपाच्या आधारानें पात्र, हें पाहण्यासाठीं त्यानें पात्र उपडें केलें आणि तूप मातींत गेलें! आधाराची परीक्षा अशी घ्यावयाची नसते, हें आम्हांस यंदा पुन्हां कळलें.

जव्हारचें आमचें जुनें घर उतरविलें तेव्हां एक सागवानी दार निघालें. जव्हार संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, त्याच्याही आधीचें तें. त्याचें देवघर करावें असें घरांतील मंडळींनीं ठरविलें व काम मोखाड्याच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे दिलें. त्याच्याजवळ विजेचा लहान राउटर आहे; सुतार त्यास ‘ट्रिमर’ म्हणतात. एका टाकाऊ फळीच्या मध्यभागीं खाच पाडून दाखवितांना त्यानें चालू यंत्र कलतें करून पातें लाकडांत उतरविलें. असलीं पातीं मिनिटास १० ते ३० हजार फेरे घेतात. यंत्र उसळलें, बोट थोडक्यांत वांचलें.

“गुरुजी, आणखी एक बैठक घ्यायला हवी. पण तीन तऱ्हा मिळतात आणि पैसे एकीपुरतेच आहेत. कोणती घेऊं?”

आम्ही त्याच्याकडूनच चारही बैठका समजावून घेतल्या. त्याच्याजवळची स्थिर बैठक कडा गोल करण्यास व सनमायका तासण्यास उत्तम. खोली एकदां बांधली कीं हलत नाहीं. तिरप्या बैठकीनें पातें कोन करून धरतां येतें. बाजूच्या बैठकींत पातें मोटारीपासून दूर असल्यामुळें अडचणीच्या कोपऱ्यांत पोंचतें. चौथी दाबबैठक, हिच्या दोन दांड्यांवर स्प्रिंगा असतात, आणि यंत्र फळीवर सपाट ठेवून पातें सरळ खालीं दाबतां येतें. मात्र यंत्र उंच होऊन डोलतें, म्हणून दोन्ही हात हवेत.

कोपरे पटाशीनें साधतील, तिरपी कड रंध्यानें साधेल. फळीच्या पोटांतील खाचेसाठीं मात्र दाबबैठकच खरी. आम्ही तीच घेण्यास सांगितलें, आणि ती आपल्याच यंत्रासाठीं केलेली आहे ना, हें पाहण्यासही बजावलें. मोटारीची जाडी सर्वांची सारखी नसते. शिवाय बाहेरच्या कडेनें यंत्र घड्याळाच्या उलट दिशेनें न्यावें. सुलट नेल्यास पातें यंत्रास पुढें ओढतें. पातें बदलतांना विजेची पिन काढावी, डोळ्यांस चष्मा असावा. दार दुसरें मिळणार नाहीं. बोट तर नाहींच.

देवघर उभें राहिलें. खाच सुतांत आली. हाच कारागीर बोहाड्याचे लांकडी मुखवटेही कोरतो. “तिथें ट्रिमर चालतो का रे?” आम्ही विचारलें. तो हंसला. “नाहीं गुरुजी. देवाच्या कपाळावर बैठक टेकायला सपाट जागाच नसते. तिथें पटाशी आणि हात.”

आधार पाहूनच आधेय ठेवावें, हें पंडिताहून त्यास अधिक कळलें होतें.