कमारांचा ओंडका आणि नोहाचं तारू

गेल्या रविवारी आमच्या एका निवृत्त सीनियरांचा फोन आला. अहिल्यानगरकडचे मराठी ख्रिस्ती. अकादमीत माझ्याच स्क्वाड्रनचे, त्यामुळे माझ्या वाट्याच्या फ्रंटरोलपैकी निम्मे त्यांच्याच नावावर जमा आहेत. माणूस लाखात एक. म्हणाले, "रायपूरला आहेस ना? मग तुझ्या शेजारचे कमार आदिवासीसुद्धा नोहाची साक्ष देतात, हे ठाऊक आहे का तुला? आता तरी मान, जलप्रलय हा इतिहास आहे."

फोनवर मी "बघतो सर" एवढंच म्हणालो. आता बघून झालंय. उत्तर इथं देतोय, कारण हाच मुद्दा मी मेसमध्ये, रेल्वेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येकदा ऐकलाय : जगभर प्रलयाच्या कथा आहेत, म्हणजे बायबलमधला प्रलय अक्षरशः घडला.

आधी कमारांची कथा. रायपूरच्या दक्षिणेला गरियाबंद आणि धमतरीच्या जंगलात ही छोटी जमात राहते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली ग्रंथ काढला, त्यात ती नोंदलेली आहे. एका जोडप्याला म्हातारपणी एक मुलगा आणि एक मुलगी झाली. इकडे एका कोल्ह्यानं देवाला चिडवलं. त्या कोल्ह्याला बुडवायला देवानं प्रलय पाठवला. म्हातारा-म्हातारीच्या कानावर ते आलं. त्यांनी पोकळ ओंडक्यात शिधा भरला, मुलांना आत बसवलं आणि ओंडका बंद केला. पाणी बारा वर्षं राहिलं. म्हातारा-म्हातारी बुडाली, सगळी जीवसृष्टी बुडाली. मग कोल्हा मेला का ते बघायला देवानं दोन पक्षी पाठवले. ते ओंडक्यावर बसले, तर आत मुलं बोलत होती : तीनच दिवसांचा शिधा उरलाय. देवानं पाणी ओसरवलं, मुलांना वाढवलं, त्यांचं लग्न लावलं आणि त्यांच्या प्रत्येक लेकराला एकेका जातीचं नाव दिलं.

सर, इंटेलिजन्सचा पहिला धडा तुम्हीच मला शिकवलात. दोन खबरी एकच बातमी देत असतील, तर दोघांनी ती एकाच माणसाकडून उचलली नाही ना, हे आधी तपासायचं. रायपूरजवळ बिश्रामपूरला जर्मन मिशनरी ऑस्कर लोर यांनी १८६८ सालीच ठाणं मांडलं होतं. कथा छापली गेली त्याच्या ४८ वर्षं आधी. टेहळणीला गेलेले ते पक्षी बायबलमधून आलेत असा माझा दावा नाही. पण आले असतील, तर कमार स्वतंत्र साक्षीदार उरत नाहीत. आणि आले नसतील, तर ही साक्ष तुमच्या विरोधात जाते. इथं माणसांचं पाप नाही, चाळीस दिवसांचा पाऊस नाही, तारू नाही. एक चिडका देव आणि एक कोल्हा आहे. साक्षीदाराच्या जबानीतली सोयीची दोन वाक्यं ठेवून बाकीची खोडणारा वकील कोर्टात टिकत नाही.

पुराच्या कथा जगभर का आहेत, हे कळायला पावसाळ्यात राजिमला जावं. रायपूरपासून तासाभराचा रस्ता. महानदी, पैरी आणि सोंढूर तिथं मिळतात आणि संगमाच्या मधोमध कुलेश्वराचं देऊळ उभं आहे. पूर आला की देवळाभोवती सगळीकडे पाणीच पाणी. माणसं नदीकाठी राहतात आणि नद्यांना पूर येतात. ज्याचं जग दोन खोऱ्यांपुरतं, त्याची दोन खोरी बुडाली की जग बुडालं.

आता जमिनीची साक्ष. रायपूरच्या आसपास इतके सिमेंट कारखाने आहेत, कारण खाली चुनखडी आहे. ती उथळ समुद्रात, सूक्ष्मजीवांच्या पातळ थरांवर थर चढत साचत गेली. वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास. गढूळ पाण्याच्या एका वर्षाच्या लोंढ्यात असलं बांधकाम होत नाही. उत्तरेला मनेंद्रगढला हसदेव नदीच्या काठी तर सागरी शिंपल्यांचे जीवाश्मच आहेत. तुम्ही म्हणाल, बघ, मध्य भारतात समुद्र! समुद्र खराच आला होता, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी. पण त्या शिंपल्यांच्या खालच्या थरात हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे आहेत आणि त्यांच्यानंतरच्या थरांत कोळसा आहे, एका काळच्या जंगलांचा. आधी बर्फ, मग समुद्र, मग जंगल. नोहाच्या एका वर्षात हे कुठे बसवणार?

अरारातकडच्या नौकेचंही तसंच. १९५९ साली तुर्की सैन्यातल्या एका कॅप्टनला हवाई छायाचित्रात जहाजाच्या आकाराची टेकडी दिसली. पुढच्या वर्षी पथक जाऊन खणून आलं. माती आणि दगड निघाले. तरी ते छायाचित्र आजही फिरतंय. फोटोत दिसलेलं ठाणं जमिनीवर जाऊन पडताळल्याशिवाय आपण नकाशावर लिहितो का?

आणि हे ऐकायला अधार्मिक व्हावं लागत नाही. अ‍ॅडम सेजविक हे केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशकही. जगातले वाळू-गोट्यांचे थर नोहाच्या प्रलयाचे, असं ते मानत. १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतलं. आपल्या नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. विदर्भातले खडक आणि जीवाश्म त्यांनी खडकांच्या भाषेत वाचले, गोंडांची लिंगोची गाथा गोंडांच्या भाषेत उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या ओढ्यात बुडून गेले. त्यांची श्रद्धा तुमच्यापेक्षा कमी होती, असं तुम्हीही म्हणणार नाही.

हीच फूटपट्टी मी घरातही लावतो. मनूची नौका शतपथ ब्राह्मणात आहे. ती दाखवून 'आमचाच प्रलय खरा' म्हणणारे माझेही नातेवाईक आहेत. त्यांना माझं उत्तर हेच असतं.

मग मी एवढा का पेटलो? २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीच्या पुरात कॉलम घेऊन होतो. एका गच्चीवरच्या आजीनं बोटीत बसता बसता विचारलं, "आमचं काय चुकलं, साहेब?" मला उत्तर सुचलं नाही. पण प्रलय अक्षरशः इतिहास मानला, तर उत्तर तयार असतं : बुडाले ते पापी होते. लहान लेकरंसुद्धा. हे वाक्य मी त्या आजीला म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणणार नाही, सर. तुम्हाला मी ओळखतो.

कमारांच्या कथेत बुडणारी माणसं निरपराध आहेत. म्हातारा-म्हातारीला ओंडक्यात जागा नव्हती. त्यांनी मुलांना बसवलं, शिधा दिला आणि बाहेर राहिली. सांगलीत प्रत्येक गच्चीवरून आधी लेकरंच आमच्या हातात आली. आणि वाचलेल्या त्या दोघांपासून सगळ्या जाती झाल्या, म्हणजे सगळे एकाच आईबापाचे. नोहाचा साक्षीदार म्हणून कमारांना उभं केलं की त्यांची ही दोन्ही वाक्यं कुणी ऐकत नाही.

तुमचं बायबल खोटं आहे, असं मी म्हणत नाहीये. युनिटच्या सर्वधर्मस्थळात तुमच्या शेजारी उभं राहून मी नाताळची प्रार्थना म्हटलीय, पुढेही म्हणेन. डिसेंबरात रायपूरला या. राजिमला जाऊ, मग मनेंद्रगढला. खडकावर हात ठेवून बोलू. तिथंही मी चुकीचा ठरलो, तर या वयातही फ्रंटरोल काढीन.