फावडे आमच्या हाती, किल्ली त्यांच्या खिशात

शिक्षण खात्याच्या कोणत्याही कार्यालयात घटकाभर बसावे, 'पालक उदासीन आहेत' हे वाक्य कानी पडल्याखेरीज राहात नाही. चर्चच्या आवारात हेच वाक्य 'लोकांत पूर्वीचा सेवाभाव उरला नाही' असा वेश घालून येते. दोन्ही ठिकाणी ते अशा माणसांच्या तोंडी असते, की ज्यांच्यावर एखाद्या बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडविण्याची पाळी कधी आलेली नाही. गेली चौदा-पंधरा वर्षे प्रस्तुत लेखक वसई तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आणि आपल्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलवर आलटून पालटून बसत आला आहे. शाळेत प्रथम पालक म्हणून आणि मुले मोठी झाल्यावर 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून. (हे बिरुद चिकटले त्या दिवशी घरी फार हशा पिकला.) या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. लोक उदासीन नाहीत, लोक शहाणे आहेत. जेथे आपल्या शब्दाला किंमत नाही तेथे पुन्हा पुन्हा जाऊन बसण्यात अर्थ नाही, हे त्यांना दोन बैठकांत उमगते. आमच्यासारख्यांना उमगावयास दहा वर्षे लागतात.

एक उदाहरण देतो. शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार मोडले होते. समितीने दुरुस्तीचा ठराव केला. पुढच्या बैठकीत तोच ठराव 'पुनश्च' हा शब्द घालून केला, तिसऱ्या खेपेस 'तातडीने' हा शब्द घालून. निधी उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल, असे उत्तर वरून आले. तेवढ्या काळात सहावी-सातवीच्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जात होत्या आणि त्यांतल्या काही परत येत नव्हत्या. शेवटी समितीतील एका सुतार सभासदाने घरचे लाकूड आणून दार बसविले; बिजागऱ्यांचे पैसे चौघांनी खिशातून काढले. पंधरा ऑगस्टला शाळेच्या फाटकावर फलक लागला. 'शाळा सुधारणेबद्दल हार्दिक आभार' असा मजकूर होता आणि छायाचित्र एका स्थानिक पुढाऱ्याचे होते. सुताराने तो फलक वाचला, हसला, आणि पुढच्या बैठकीपासून यावयाचा थांबला. खात्याच्या लेखी तो आता उदासीन पालकांत मोडतो.

या समित्या कोणाची मेहेरबानी नव्हेत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली. तीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. बाविसावे कलम तर असे सांगते, की शासनाने वा स्थानिक संस्थेने द्यावयाच्या अनुदानाला हा आराखडाच आधारभूत राहील. कागदावर यापेक्षा लोकशाहीवादी कलम आमच्या पक्षालाही लिहिता आले नसते.

प्रत्यक्षात काय घडते? आराखडा समिती करते, म्हणजे मुख्याध्यापक मागील वर्षाचा आराखडा उतरवून घेतात व आम्ही सह्या करतो. कारण अनुदान आराखड्यावर येत नाही, पटसंख्येच्या कोष्टकावर येते. समग्र शिक्षेच्या कोष्टकाप्रमाणे ज्या शाळेचा पट 30 पर्यंत आहे तिला वर्षाकाठी 10 हजार रुपये. दिवसाचे तीस रुपयेही पडत नाहीत. त्यातून खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती भागवावयाची, आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे; म्हणजे स्वच्छतागृहाच्या वाट्याला सक्तीने येतात ते वर्षाचे एक हजार. आमच्या सुताराच्या दाराचा हिशेब येथे लागतो. तेही पैसे वर्षाच्या आरंभी हाती पडत नाहीत; फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची मर्यादा कळते आणि 31 मार्चच्या आत ती संपविण्याची घाई सुरू होते. अशा घाईत घेतलेल्या वस्तू कशा असतात हे शाळेच्या अडगळीच्या खोलीत जाऊन पाहावे. रयतेच्या श्रमातून उभा राहणारा महसूल रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होत नाही, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे केली होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी कायद्याने रयतेला हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. तपासावयास हिशेब मात्र दिला नाही.

आणि ही जिल्हा परिषदेच्या शाळांची कथा झाली, जेथे समितीला निदान कागदोपत्री अधिकार आहेत. 2012 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्याविषयी आमच्या वर्तुळातही फारसे बोलले गेले नाही. त्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत आणि सर्व अनुदानित खाजगी शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरविली. विनाअनुदानित शाळांना तर एकविसावे कलम मुळापासूनच लागू नव्हते. महाराष्ट्रात गावोगावी शिक्षणसंस्था अनुदानावर चालतात. शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून जातो. तेथे पालकांनी सल्ला द्यावा आणि संस्थाचालकांनी तो ऐकून घ्यावा, एवढेच. अल्पसंख्याकांच्या संस्थांना राज्यघटनेचे संरक्षण आहे, ते प्रस्तुत लेखकाला स्वतः अल्पसंख्याक असल्यामुळे मोलाचे वाटते. परंतु ते संरक्षण समाजाला आहे की समाजाच्या नावाने खुर्चीवर बसलेल्या चालकांना, हा प्रश्न कधीतरी विचारावा लागेल. आणि बाकीच्या अनुदानित संस्थांना ही ढाल कोणत्या न्यायाने मिळाली?

'सल्लागार' हा शब्द मी प्रथम शाळेत नव्हे, चर्चमध्ये शिकलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) चर्चच्या कारभारात प्रापंचिकांना स्थान देण्याची भाषा सुरू झाली. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत पॅरिश कौन्सिलविषयी 536 वे कलम आले. त्यात धर्मगुरू हाच अध्यक्ष, आणि कौन्सिलचे मत केवळ सल्ल्यापुरते, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. आमच्या कौन्सिलमध्ये सणाची रोषणाई, बँड, मंडप आणि वाहनतळाची व्यवस्था यांवर रात्री दहापर्यंत चर्चा चालते. एकदा सभागृहाच्या भाड्याचा हिशेब विचारला, तर तो विषय अर्थसमितीचा म्हणून सांगण्यात आले. अर्थसमितीतल्या मित्राला विचारले, तर तो म्हणाला, 'ते फादर पाहतात.' फादर व्यक्तिशः सज्जन होते, चहा पाजून त्यांनी माझी विचारपूस केली, हिशेब राहिलाच. त्याच सभासदांनी त्या सणाला तीन रात्री जागून मंडप बांधला, खुर्च्या मांडल्या आणि दुसऱ्या दिवशी उचलल्या. त्यांना कोणी उदासीन म्हणणार नाही, कारण खुर्च्या उचलणारा माणूस कधीच उदासीन ठरत नाही.

गंमत अशी, की रोमला आता याची जाणीव होऊ लागली आहे. 2024 साली ऑक्टोबरमध्ये संपलेल्या बिशपांच्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात अशी मंडळे बंधनकारक करावीत आणि 'केवळ सल्लागार' या सूत्राचा फेरविचार व्हावा, असे म्हटले आहे. दोन हजार वर्षांच्या धर्मपीठाला जो शब्द खटकू लागला, तो आमच्या प्रजासत्ताकाने 2012 साली नव्याने कायद्यात घातला.

डॉ. राममनोहर लोहिया राजकारणाची तीन प्रतीके सांगत: फावडे, मत आणि तुरुंग. विधायक श्रम, लोकशाही निर्णय आणि अन्यायाचा प्रतिकार ही तीन एकत्र असतील तरच त्या राजकारणात जीव राहतो, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या समितीने यातले फावडे तेवढे उचलून आमच्या हाती दिले आहे. मत काढून घेतले आहे. आणि प्रतिकार करणाऱ्याला पुढच्या खेपेस यादीतून वगळण्याची सोय आहे. श्रम खाली ढकलावेत व सत्ता वर ठेवावी, आणि या व्यवस्थेला 'लोकसहभाग' म्हणावे, असा हा व्यवहार आहे. मालकाला फुकटचा मजूर हवा असतो. येथे राज्यसंस्थेला व धर्मसंस्थेला तो 'स्वयंसेवक' या नावाने मिळाला.

समितीच्या हाती खरोखरची सत्ता किती, याची परीक्षा गणवेशावरून झाली. गणवेशाचे पैसे पूर्वी शाळा समितीकडे येत, समिती गावातल्या वा बाजारातल्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवून घेई. 2024-25 या शैक्षणिक वर्षात शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची मध्यवर्ती खरेदी केली आणि शिलाई महिला बचतगटांकडे सोपविली. बचतगटांतील भगिनींचा येथे दोष नाही. त्यांनाही वरून कापलेले कापड आणि वरून ठरलेली मजुरी मिळाली. परिणाम असा झाला, की कित्येक शाळांत महिनोन्महिने गणवेश पोहोचले नाहीत, पोहोचले तेथे मापे चुकली. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला व अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले. काढून घेताना समितीला कोणी विचारले नव्हते, परत देतानाही विचारले नाही.

याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली होती. देणगीदाराने ठराविक रकमेचे साहाय्य केले, तर 5 वा 10 वर्षांसाठी त्याच्या पसंतीचे नाव शाळेला जोडता येईल! ज्या सुताराने दार बसविले त्याचे नाव शाळेच्या दारावरही नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. मार्च 2022 मध्ये शासनाने शाळाशाळांतून 'सखी सावित्री समिती' नेमण्याचा निर्णय काढला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्यांवरील अत्याचाराने महाराष्ट्र हादरला, तेव्हा याच समित्यांविषयी शासनाला पुन्हा आदेश काढावे लागले. समिती नेमली की जबाबदारी संपली, या मनोवृत्तीची किंमत कोण चुकवितो हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

आता उदासीनतेच्या आरोपाकडे पुन्हा वळू. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. आमच्याकडील भाजी-फुले विकणाऱ्या बायका पहाटेच्या लोकलने दादरला गेलेल्या असतात. पूर्वेकडच्या पट्ट्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात; कायद्याने दिलेली वंचितांची जागा वर्षातील सहा-सात महिने कागदावरच हजर असते. निम्म्या जागा स्त्रियांच्या, म्हणून बाईचे नाव लागते आणि पुष्कळदा बैठकीला तिचा नवरा येतो. ती स्वतः आली तर तिला पोषण आहाराच्या तांदळाची चव विचारतात, खर्चाची वही दाखवीत नाहीत. बरे, मुख्याध्यापकांना शत्रू मानावे तर तेही बरोबर नाही. ते समितीचे सदस्य-सचिव असतात, समित्यांची इतिवृत्ते एकटे लिहितात, वर्ग सोडून ऑनलाइन माहिती भरतात. वरून प्रश्न आला की उत्तर त्यांनीच द्यावयाचे.

आणि आपला दोष? तो मोठा आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी 'चौखंबा राज्या'ची भाषणे पुष्कळ केली, पण शाळेच्या समितीवर जाणे त्यांना कमीपणाचे वाटले. जे गेले ते तेथेच रुळले. प्रस्तुत लेखकही त्यांतच येतो. ठराव न वाचता त्याने किती सह्या केल्या असतील हे त्यालाही सांगता येणार नाही. 'उगाच वाद नको' हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे. वसईत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती. तिलाही 'समिती'च म्हणत. तिला कोणी परिपत्रकाने नेमले नव्हते, सल्ला देण्याचा अधिकारही कोणी दिला नव्हता. तरी बिल्डर आणि टँकरवाले यांना तिची दखल घ्यावी लागली, कारण तिच्यामागे रस्त्यावर आलेली माणसे होती. त्या मोर्चांतून चाललेली पिढी आज पॅरिश कौन्सिलमध्ये रोषणाईची दरपत्रके तपासत बसली आहे.

आमच्या शाळेच्या समितीची मुदत लवकरच संपते. नव्या पालकसभेत बैठक रविवारी वा रात्री आठनंतर घेण्याचा, आणि इतिवृत्त त्याच बैठकीत मोठ्याने वाचून शाळेच्या भिंतीवर लावण्याचा ठराव आम्ही काही जण मांडणार आहोत. वाचून दाखविल्याखेरीज सही वा अंगठा द्यावयाचा नाही असेही ठरले आहे. मजुरी बुडवून येणाऱ्या सभासदाला निदान रोजगार हमीच्या दराने भत्ता मिळावा, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे जाईल. धर्मग्रामात हिशेबाचा प्रश्न या वेळी लेखी विचारला आहे. पक्षाकडे मागणे एकच: 2012 च्या दुरुस्तीतील 'सल्लागार' हा शब्द अनुदानित संस्थांपुरता तरी काढून टाकावा, ही मागणी कार्यक्रमपत्रिकेत घ्यावी आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक उमेदवाराकडून तिच्यावर सही घ्यावी. (आमच्या स्वतःच्या तालुका समितीचे मागील दोन बैठकांचे इतिवृत्त अद्याप सभासदांना मिळालेले नाही, तेही याच टपालाने पाठवावे.)